मेंदूच्या दाराशी होणारी गर्दी

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील पोर्टलंड शहरात डॉ. जॉन नट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पार्किन्सनच्या नऊ रुग्णांवर एक प्रयोग केला. त्याचा वृत्तांत १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. लेव्होडोपाची गोळी लागू पडली की हे रुग्ण चालत, बोलत, आपली कामे आपण करत. आणि मग अचानक अंग आखडून जागच्या जागी थिजत. दिवसातून कितीदा तरी हा चढउतार व्हायचा. पोटातून औषध कधी जास्त, कधी कमी शोषले जाते म्हणून असे होत असावे, असा एक तर्क होता. तो तपासण्यासाठी नट यांनी पोटाला वगळलेच. औषध थेट शिरेतून, एकसारख्या वेगाने सोडत ठेवले. रुग्ण तासन्‌तास हिंडतेफिरते राहिले. मग त्यांना भरपूर प्रथिने असलेले जेवण दिले. रक्तातली लेव्होडोपाची पातळी होती तेवढीच राहिली, आणि तरीही रुग्ण पुन्हा आखडले.

औषध रक्तात आहे, मेंदूला ते हवे आहे, आणि मेंदूपर्यंत ते पोचत नाही. मधे अडले कुठे?

प्रयोगाचा पुढचा भाग त्याहून बोलका आहे. जेवणाऐवजी एकेक अमिनो आम्ल देऊन पाहिले गेले. फिनिलॲलनिन, ल्युसिन किंवा आयसोल्युसिन दिले की रुग्ण आखडे. ग्लायसिन किंवा लायसिन दिले तर काहीही होत नसे. पाचही पदार्थ प्रथिनांचेच घटक, पाचही रोजच्या वरणात, दुधात, अंड्यात असणारे. त्यांतल्या तिघांनी औषधाची वाट अडवली आणि दोघांनी अडवली नाही. ही निवड कोण करते आणि कशी करते, हा या व्याख्यानाचा विषय आहे. पार्किन्सनच्या रुग्णाचे जेवणाचे वेळापत्रक आणि जन्मजात आजाराने मतिमंदत्वाकडे ओढली जाणारी लहान मुले, हे दोन प्रश्न सहसा वेगवेगळ्या डॉक्टरांच्या दालनात बसतात. ते मुळात एकाच जागी जुळलेले आहेत, असे प्रस्तुत वक्त्याचे म्हणणे आहे.

ती जागा म्हणजे मेंदूतल्या केशवाहिन्या. माणसाच्या मेंदूत त्यांची एकूण लांबी सुमारे ६०० किलोमीटर भरते. मेंदूतली जवळजवळ कोणतीही पेशी कुठल्या ना कुठल्या केशवाहिनीपासून मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतक्या अंतरावर असते. इतके सान्निध्य असूनही रक्तातला माल सरसकट आत जात नाही, ही गोष्ट प्रथम रंगांमुळे लक्षात आली. जर्मन वैद्यक संशोधक पॉल एर्लिख यांनी १८८५ मध्ये प्राण्यांच्या शिरांतून रंग सोडले. यकृत, मूत्रपिंड, स्नायू सगळे रंगले. मेंदू पांढराच राहिला. मेंदूच्या पेशींना त्या रंगाची ओढ नसावी, असे एर्लिख यांनी मानले. त्यांचे शिष्य एडविन गोल्डमन यांनी १९१३ मध्ये हाच प्रयोग उलटा केला. ट्रिपान ब्लू हा निळा रंग त्यांनी रक्तात न सोडता मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला. मेंदू निळा झाला आणि उरलेले शरीर तसेच राहिले. म्हणजे मेंदू रंग घ्यायला तयार होता. रक्त आणि मेंदू यांच्यामध्येच काहीतरी होते.

त्या ‘काहीतरी’ला रक्त आणि मेंदू यांमधला अडथळा हे नाव रूढ करणाऱ्या लीना श्टेर्न यांची हकिगत फारशी सांगितली जात नाही. जिनिव्हा विद्यापीठातल्या त्या पहिल्या महिला प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी सहकाऱ्यासह हे नाव वापरले, १९२५ मध्ये त्या मॉस्कोला गेल्या आणि १९३९ मध्ये सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या पहिल्या महिला पूर्ण सदस्य झाल्या. क्षयामुळे मेंदूच्या आवरणाला सूज आलेल्या रुग्णांना स्ट्रेप्टोमायसिन रक्तातून देऊन पुरेसे पोचत नाही, तेव्हा ते मेंदूभोवतीच्या द्रवातच द्यावे, हा त्यांचा आग्रह होता आणि त्यांनी तसे उपचार केलेही. १९४९ मध्ये स्टालिनच्या पोलिसांनी त्यांना पकडले. त्या ज्या ज्यू फॅसिस्टविरोधी समितीच्या सदस्य होत्या, तिच्यावरील खटल्यात १९५२ मध्ये १३ जणांना गोळ्या घालण्यात आल्या. सत्तरी ओलांडलेल्या श्टेर्न यांना हद्दपारीची शिक्षा झाली. स्टालिनच्या मृत्यूनंतर त्या परतल्या आणि पुन्हा प्रयोगशाळेत कामाला लागल्या. मेंदूविज्ञानाच्या इतिहासात त्यांचे नाव तळटिपेत ढकलले जाते, हे अन्यायाचे आहे.

अडथळा नेमका कुठे आहे, हे १९६७ मध्ये दिसले. थॉमस रीस आणि मॉरिस कार्नोव्हस्की यांनी उंदरांच्या रक्तात एक मोठ्या रेणूचे विकर सोडले आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा माग काढला. शरीरात इतरत्र केशवाहिनीच्या पेशी एकमेकींना सैल चिकटलेल्या असतात आणि त्यांच्या फटींतून बरेच काही पाझरते. मेंदूत मात्र या पेशींच्या कडा घट्ट जोडांनी सांधलेल्या असतात. विकर त्या जोडापाशी येऊन थांबले होते. फट बंद म्हणजे आत जायचे तर पेशीच्या आरपार जायला हवे. प्राणवायू, कार्बन डायऑक्साइड, मद्यार्क, भुलीची औषधे असे स्निग्धात सहज मिसळणारे छोटे रेणू पेशीचा पडदा ओलांडून जातात. अमिनो आम्लांना ते जमत नाही, कारण ती पाण्यात रमणारी आणि विद्युतभार बाळगणारी असतात. मेंदूला तर ती रोज लागतात: प्रथिने बांधायला आणि संदेशवाहक रसायने बनवायला. फिनिलॲलनिन, ट्रिप्टोफॅन, ल्युसिन यांसारखी आवश्यक अमिनो आम्ले शरीर स्वतः तयार करू शकत नाही. ती अन्नातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत यावी लागतात.

ती कशी येतात, हे मोजण्याचा मार्ग लॉस एंजेलिसचे मेंदूतज्ज्ञ विल्यम ओल्डेनडॉर्फ यांनी काढला. हा गृहस्थ विलक्षण हिकमती. १९६१ मध्ये त्यांनी खेळण्यातल्या आगगाडीचे रूळ आणि खिळे ठोकलेला प्लॅस्टिकचा ठोकळा वापरून शरीराचा आडवा छेद क्ष-किरणांनी पाहता येईल, हे दाखवले होते; सीटी स्कॅनच्या कल्पनेचे एक मूळ तिथे आहे, आणि त्यासाठी १९७५ मध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्याबरोबर त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत उंदरांच्या मानेतल्या धमनीत किरणोत्सारी अमिनो आम्ल सोडले जाई आणि पंधरा सेकंदांनी मेंदूत त्यातले किती उरले ते मोजले जाई. निकाल स्पष्ट होते. फिनिलॲलनिन, ल्युसिन, टायरोसिन, मेथिओनिन भराभर आत गेली. ग्लायसिन, प्रोलिन, ग्लुटामेट जवळजवळ गेलीच नाहीत. लेव्होडोपा गेले, त्याच्यापासून बनणारे डोपामाइन गेले नाही.

आत जाणाऱ्यांना नेण्यासाठी केशवाहिनीच्या पेशीत वाहक प्रथिने असतात. मोठ्या, भाररहित अमिनो आम्लांचा मुख्य वाहक ‘लॅट-१’ या नावाने ओळखला जातो. त्याची जनुकीय ओळख जपानमधील योशिकात्सु कानाई आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये पटवली. फिनिलॲलनिन, टायरोसिन, ट्रिप्टोफॅन, ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, मेथिओनिन, हिस्टिडिन अशी आठ-नऊ आम्ले त्याच्यावर अवलंबून असतात आणि लेव्होडोपाही त्याच रांगेत उभे राहते. लायसिनसारख्या धनभारित आम्लांचा वाहक वेगळा आहे. नट यांच्या प्रयोगात लायसिनने काही बिघडवले नाही, ते यामुळे. ग्लायसिनलाही या वाहकावर फारसे स्थान नाही. लॅट-१ अदलाबदल करणारा वाहक आहे. एक अमिनो आम्ल आत घेताना तो दुसरे एक बाहेर सोडतो.

या सगळ्यातली कळीची गोष्ट आकड्यांत दडलेली आहे, आणि ती ओल्डेनडॉर्फ यांचे सहकारी विल्यम पार्ड्रिज यांनी नेमकी पकडली. शरीरातल्या इतर बहुतेक अवयवांत वाहकांची क्षमता इतकी मोठी असते की रक्तातल्या नेहमीच्या पातळीला त्यांच्यावर पुष्कळ जागा रिकामी राहते. मेंदूच्या केशवाहिन्यांतले वाहक मात्र साध्या, उपाशीपोटीच्या पातळीलाही जवळजवळ भरलेले असतात. कोकणातल्या खाडीवर फेरीबोट असते. तिच्या जागा ठरलेल्या आणि फेऱ्याही ठरलेल्या. धक्क्यावर एका गावची माणसे अचानक दुप्पट झाली तर बोट दुप्पट माणसे नेत नाही, इतर गावची माणसे किनाऱ्यावर राहतात. म्हणून मेंदूत एखादे अमिनो आम्ल किती जाईल हे त्याच्या रक्तातल्या प्रमाणावरून सांगता येत नाही. त्याच्यासोबत दाराशी आणखी कोण आणि किती आहेत, ते पाहावे लागते. हा नियम स्नायूंना लागू नाही, यकृताला लागू नाही. मेंदूला आहे.

आता पार्किन्सनकडे वळता येते. या कथेचा एक धागा मुंबईतून निघतो. सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात लिहून जगापुढे मांडले. त्या मुळीतून पुढे स्वित्झर्लंडमध्ये रिसर्पिन वेगळे केले गेले. स्वीडनचे अर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रिसर्पिन दिले. ससे निपचित पडले, कारण त्यांच्या मेंदूतली संदेशवाहक रसायने रिती झाली होती. मग त्यांना लेव्होडोपा टोचले आणि ससे पुन्हा हालचाल करू लागले. डोपामाइनच का टोचले नाही? कारण डोपामाइनला आत प्रवेश नाही. त्याचा पूर्वज लेव्होडोपा हे अमिनो आम्ल असल्यामुळे लॅट-१ वर बसून आत जाते आणि आत गेल्यावर त्याचे डोपामाइन होते. व्हिएन्नात ओलेह होर्निकिएविच यांनी १९६० मध्ये पार्किन्सनने मरण पावलेल्यांच्या मेंदूत डोपामाइनची तूट दाखवली, १९६१ मध्ये तिथेच रुग्णांना लेव्होडोपा टोचून पाहिले गेले आणि १९६७ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन इथे जॉर्ज कोट्झियास यांनी हळूहळू वाढवत नेलेल्या मोठ्या मात्रेने तोंडावाटे उपचार यशस्वी केले.

मोठी मात्रा लागे, कारण लेव्होडोपाचा बराचसा भाग मेंदूपर्यंत पोचण्याआधीच शरीरात डोपामाइन होऊन जाई आणि मळमळ, उलट्या सुरू होत. उपाय सापडला तो या अडथळ्याचाच आधार घेणारा. कार्बिडोपा हे औषध लेव्होडोपाचे रूपांतर थांबवते, पण ते स्वतः मेंदूत शिरू शकत नाही. त्यामुळे रूपांतर शरीरात थांबते आणि मेंदूत चालू राहते. आज मिळणाऱ्या गोळीत ही जोडी असते. एकाचा उपयोग ते आत जाते म्हणून, दुसऱ्याचा ते जात नाही म्हणून. औषधशास्त्रात इतकी देखणी योजना क्वचितच आढळते.

आपल्या रानात, कुंपणांवर चढणारी खाजकुयली इथे आठवल्याशिवाय राहत नाही. तिच्या बियांत लेव्होडोपा असते, हे १९३७ मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी सिद्ध केले. तेव्हा या पदार्थाचा पार्किन्सनशी काही संबंध असेल असे कुणाच्या स्वप्नातही नव्हते. १९७८ मध्ये मुंबईतले डॉ. अशोक वैद्य आणि सहकारी यांनी या बियांच्या चूर्णाचा पार्किन्सनच्या रुग्णांना होणारा उपयोग प्रसिद्ध केला. परंपरेतल्या वनस्पतीकडे संशोधकाच्या नजरेने पाहण्याचे हे उत्तम उदाहरण आहे. पण त्यावरून बाजारातले चूर्ण आणून स्वतःच सुरू करणे धोक्याचे आहे. प्रत्येक पुडीत लेव्होडोपा किती आहे ते कळत नाही, आणि गोळ्यांच्या जोडीला ते घेतले तर मात्रा कुठल्या कुठे जाते. शिवाय बियांतून आलेल्या लेव्होडोपालाही त्याच दारातून आत जावे लागते.

श्रोत्यांपैकी ज्यांच्या घरी पार्किन्सनचा रुग्ण आहे त्यांच्या दृष्टीने नट यांच्या प्रयोगाचा अर्थ अगदी रोजचा आहे. सकाळी दोन अंडी, मटकीची उसळ आणि कपभर दूध यांच्या मागोमाग गोळी घेतली तर ल्युसिन, फिनिलॲलनिन आणि त्यांची भावंडे आतड्यातही आणि मेंदूच्या दाराशीही गर्दी करतात. म्हणून गोळी जेवणाआधी साधारण अर्धा तास घ्यायला सांगतात. ज्यांना चढउताराचा त्रास फार होतो त्यांच्यासाठी १९८० च्या दशकात येल विद्यापीठातील जोनाथन पिंकस यांनी दिवसभर प्रथिने कमी आणि रात्रीच्या जेवणात ती भरून काढायची, अशी पद्धत सुचवली. अनेकांना तिचा फायदा होतो. मात्र प्रथिने एकूणच तोडून टाकणे ही घोडचूक ठरते. वृद्ध रुग्णाचे वजन आणि स्नायू आधीच घटत असतात. वाटणी बदलायची आहे, एकूण प्रमाण नाही, आणि तेही आपल्या डॉक्टरांशी बोलून.

इथून एक पाऊल पुढे गेले की झोप आणि मन यांच्याविषयी ऐकू येणारे अनेक दावे तपासता येतात. ट्रिप्टोफॅनपासून मेंदूत सेरोटोनिन बनते, दुधात ट्रिप्टोफॅन असते, म्हणून रात्री दूध प्यायल्याने सेरोटोनिन वाढते आणि झोप लागते, अशी साखळी मांडली जाते. जॉन फर्नस्ट्रॉम आणि रिचर्ड वर्टमन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एमआयटीत उंदरांवर दाखवले की गोष्ट जवळजवळ उलटी आहे. प्रथिनयुक्त अन्नाने रक्तातले ट्रिप्टोफॅन वाढते, पण मेंदूतले वाढत नाही, कारण प्रथिनांत ट्रिप्टोफॅन सर्वांत कमी आणि त्याचे स्पर्धक कितीतरी जास्त असतात. याउलट निव्वळ पिष्टमय अन्न दिले तर इन्शुलिन वाढते, ते ल्युसिन, व्हॅलिन वगैरेंना स्नायूंकडे वळवते, दाराशी गर्दी ओसरते आणि ज्या अन्नात ट्रिप्टोफॅन मुळीच नाही त्या अन्नाने मेंदूतले ट्रिप्टोफॅन वाढते. माणसांत हा परिणाम फार लहान असतो आणि अन्नात थोडीशी प्रथिने असली तरी नाहीसा होतो. रात्रीच्या गरम दुधाने कुणाला बरे वाटत असेल तर त्यांनी ते जरूर प्यावे. कारण म्हणून ट्रिप्टोफॅन सांगू नये.

उलट दिशेने हाच नियम किती ताकदवान आहे, ते ऑक्सफर्डच्या एका अभ्यासात दिसले. १९९७ मध्ये फिलिप कोवेन आणि सहकाऱ्यांनी नैराश्यातून पूर्ण बऱ्या झालेल्या १५ स्त्रियांना ट्रिप्टोफॅन सोडून इतर अमिनो आम्लांचे मिश्रण प्यायला दिले. काही तासांत त्यांच्यातल्या १० जणींना नैराश्याची लक्षणे पुन्हा जाणवली. ती तात्पुरती होती. तेच मिश्रण ट्रिप्टोफॅनसह दिले तेव्हा तसे झाले नाही.

ग्लुटामेटविषयी थोडक्यात. मेंदूतला सर्वांत मोठा उत्तेजक संदेशवाहक म्हणजे हेच अमिनो आम्ल, आणि म्हणूनच रक्तातल्या ग्लुटामेटला आत घेणे मेंदूला परवडणारे नाही. पेशींच्या बाहेर त्याची पातळी थोडी जरी चढली तरी चेतापेशी जळून जातात. मेंदू आपले ग्लुटामेट स्वतः, ग्लुकोजपासून बनवतो. चायनीजच्या गाडीवर नूडल्समध्ये पडणाऱ्या अजिनोमोटोमुळे मेंदूत ग्लुटामेट भरते, ही भीती त्यामुळे निराधार आहे. १९६९ मध्ये जॉन ओल्नी यांनी उंदरांच्या नवजात पिलांना ते मोठ्या प्रमाणात टोचून मेंदूला इजा झाल्याचे दाखवले होते, पण ती झाली ते मेंदूतले असे मोजके भाग होते जिथे केशवाहिन्या मुळातच सैल असतात.

आता या विषयाचा गाभा.

ओस्लोत बोर्ग्नी एगेलँड नावाची एक आई होती. तिची मुलगी लिव्ह आणि मुलगा डाग जन्मतः सुदृढ होते, पण वाढत्या वयाबरोबर दोघेही मागे पडत गेले. डाग तर चालूही शकत नव्हता. दोघांच्या अंगाला एक विचित्र, कुबट वास येई. आईने डॉक्टरांचे उंबरे झिजवले. वासाकडे कुणी लक्ष दिले नाही. १९३४ मध्ये ती रसायनशास्त्र शिकून डॉक्टर झालेल्या आस्ब्यर्न फ्योलिंग यांच्यापर्यंत पोचली. त्यांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकले. ती गडद हिरवी झाली. हा रंग त्यांनी कधी पाहिला नव्हता. औषधांमुळे असेल म्हणून सगळी औषधे बंद करून आठवड्याने पुन्हा नमुना आणायला सांगितले. रंग हिरवाच. मग आईने आणून दिलेल्या सुमारे २२ लिटर लघवीतून त्यांनी फिनिलपायरुव्हिक आम्ल वेगळे केले. संस्थांमधल्या ४३० मतिमंद रुग्णांची त्यांनी तपासणी केली आणि आणखी आठ जण सापडले. या आजाराला पुढे फिनिलकीटोन्युरिया हे नाव मिळाले. यकृतात फिनिलॲलनिनचे टायरोसिन करणारे विकर या मुलांत काम करत नाही. त्यामुळे रक्तात फिनिलॲलनिन साठत जाते: एरवी लिटरमागे ५० ते ६० मायक्रोमोल असते ते तीव्र आजारात १२०० च्या वर चढते.

उपचाराची कथाही एका आईच्या हट्टाची आहे. १९५१ च्या सुमारास इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या मुलांच्या रुग्णालयात होर्स्ट बिकेल यांनी शीला नावाच्या लहान मुलीत हा आजार ओळखला. ती उभी राहत नव्हती, बोलत नव्हती, रडत आणि डोके आपटत असे. निदान झाले, उपचार नव्हता. तिची आई रोज सकाळी प्रयोगशाळेच्या बाहेर येऊन उभी राही आणि विचारी, उपाय कधी सापडणार? लुई वूल्फ यांच्या सूचनेवरून बिकेल, एव्हलिन हिकमन्स आणि जॉन जेरार्ड यांनी दुधातल्या प्रथिनांचे विघटन करून, थंड खोलीत कोळशातून गाळून, त्यातले फिनिलॲलनिन काढले. त्या अन्नावर काही महिन्यांत शीला रांगू लागली, तिचे डोळे उजळ दिसू लागले, डोके आपटणे थांबले. हा फरक खरोखर अन्नाचा आहे की नाही, हे पडताळण्यासाठी तिच्या अन्नात आईला न सांगता पुन्हा फिनिलॲलनिन मिसळले गेले. काही तासांतच रडणे आणि डोके आपटणे सुरू झाले. आजची कोणतीही नैतिक समिती असे करू देणार नाही आणि देऊ नये. पण त्या पुराव्यानंतर शंका उरली नाही. शीलासाठी उशीर झाला होता. ती पूर्ण बरी झाली नाही. तिच्यामुळे पुढच्या हजारो मुलांना वेळेवर हे अन्न मिळाले.

मेंदूला इजा नेमकी कशाने होते? फिनिलॲलनिनचा साठा स्वतः घातक आहे, हे खरे. पण वाहकाचा हिशेब आठवला की दुसरी बाजू दिसते. एकाचीच संख्या वीसपट झाल्यावर लॅट-१ वर इतरांना जागा कुठून मिळणार? टायरोसिन अडते, म्हणजे डोपामाइन घटते. ट्रिप्टोफॅन अडते, म्हणजे सेरोटोनिन घटते. ल्युसिन, मेथिओनिन, व्हॅलिन अडतात, म्हणजे वाढत्या मेंदूला प्रथिने बांधायला सामग्री अपुरी पडते. रक्तात यांतली बहुतेक आम्ले पुरेशी असतात आणि मेंदू मात्र त्यांच्यावाचून उपाशी राहतो. हायडेलबर्गच्या योआखिम पीट्झ आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये सहा रुग्णांवर याची थेट परीक्षा घेतली. फिनिलॲलनिनचा डोस दिल्यावर मेंदूत ते वाढताना एमआर तंत्राने दिसले आणि मेंदूतील विद्युतलहरी मंदावल्या. तोच डोस इतर मोठ्या अमिनो आम्लांसह दिला तेव्हा मेंदूतली वाढ थांबली, लहरीही मंदावल्या नाहीत; रक्तातले फिनिलॲलनिन तर दोन्ही वेळा चढलेलेच होते. पोर्टलंडमध्ये जी स्पर्धा औषध अडवत होती, तीच इथे विषाला अडवत होती. काही प्रौढ रुग्णांच्या उपचारात या मिश्रणाचा वापर होतो.

दाराशी गर्दी न होता दारच नादुरुस्त असेल तर? ऑस्ट्रियात काम करणाऱ्या गाया नोव्हारिनो यांच्या गटाने २०१६ मध्ये ज्यांच्यात लॅट-१ चे जनुक सदोष आहे अशा कुटुंबांतली मुले वर्णिली. त्यांना स्वमग्नता होती आणि हालचालींचा विकास मागे पडला होता. ज्या उंदरांच्या मेंदूतील केशवाहिन्यांतून हा वाहक काढून टाकला, त्यांच्या मेंदूत ल्युसिन आणि आयसोल्युसिन घटलेली होती आणि वर्तन बिघडलेले होते. ही दोन आम्ले थेट मेंदूच्या पोकळीत दिल्यावर प्रौढ उंदरांतही काही लक्षणे सुधारली. माणसांसाठी हा उपचार नाही. पण विकासातला काही बिघाड नंतरही मागे फिरवता येतो, ही शक्यता त्यातून खरी ठरली.

फिनिलकीटोन्युरियाच्या बाबतीत तर मागे फिरवण्याची वेळच येऊ देऊ नये, इतके आज हातात आहे. बाळ जन्मते तेव्हा निरोगी दिसते, कारण तोवर जास्तीचे फिनिलॲलनिन आईच्या शरीराने निकाली काढलेले असते. दूध सुरू झाल्यावर ते साठू लागते. रॉबर्ट गथ्री या अमेरिकी सूक्ष्मजीवतज्ज्ञाचा स्वतःचा मुलगा मतिमंद होता आणि गथ्री यांच्या भाचीला हाच आजार उशिरा सापडला होता. त्यांनी टाचेतून काढलेल्या रक्ताचा थेंब टिपकागदावर वाळवून जंतूंच्या वाढीवरून तपासण्याची सोपी रीत शोधली. १९६३ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने ती सक्तीची केली. वेळेवर आहार सुरू झालेली मुले शाळा-कॉलेजांत जातात, नोकऱ्या करतात, संसार करतात. आहार सोपा नाही. दूध, अंडी, मांस-मासे, डाळी, शेंगदाणे वर्ज्य; भात-पोळी मोजून; आणि प्रथिनांची गरज भागवायला फिनिलॲलनिन नसलेली महाग पावडर. आपल्याकडचा साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट असल्याने या मुलांना चालतो, फक्त खिचडीत दाण्याचे कूट घालता येत नाही. ‘डाएट’ शीतपेयांच्या डब्यावर बारीक अक्षरांत फिनिलकीटोन्युरियाचा जो इशारा असतो तोही यासाठीच. त्यातल्या ॲस्पार्टेममधून फिनिलॲलनिन सुटते. आणि अशी मुलगी मोठी होऊन आई होणार असेल तर गर्भधारणेच्या आधीपासून आहार काटेकोर हवा. वार हे अमिनो आम्ल गर्भाकडे ओढून घेते, आणि आजार नसलेल्या बाळाचाही मेंदू खुरटतो, असे १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत स्पष्ट झाले.

भारतात नवजात बाळांच्या या तपासणीची देशभर सक्ती नाही. गोव्याने २००८ मध्ये सरकारी पातळीवर असा कार्यक्रम सुरू केला होता. महाराष्ट्रात मुंबई-पुण्यासारख्या शहरांतल्या खासगी प्रयोगशाळांत ही तपासणी पैसे भरून होते; खेड्यातल्या बाळंतिणीपर्यंत तिचे नावही पोचत नाही. जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घेतलेला रक्ताचा वाळलेला थेंब साध्या पाकिटातून टपालाने पाठवता येतो, त्यामुळे अंतर ही सबब होऊ शकत नाही. या सभागृहात बसलेल्यांपैकी ज्यांच्या घरी येत्या काही महिन्यांत बाळ येणार आहे, त्यांनी प्रसूतिगृहात नाव नोंदवतानाच विचारावे: टाचेतल्या रक्ताची तपासणी इथे होते का, नमुना कुठे पाठवला जातो, आणि अहवाल किती दिवसांत हाती येतो.